एकाच डेस्कटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन, तिघांनाही एकच आयपी! नेटवर्क कसं लावू?

शुभ्रकमळ
सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. बी.एस्सी. ईसीएस (संगणकशास्त्र) झालंय आणि दिवसा एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करते. सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कामाकडे वळायचं मनात आहे. गेल्या महिन्यात एक मुलाखत दिली. समोरच्या सरांनी एकच विचारलं, "डोमेन कंट्रोलर स्वतःच्या हाताने कधी उभा केलाय का?" (म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आणि लॉगिन डोमेन नावाच्या एका गटात बांधून सांभाळणारा सर्व्हर.) वाचलेलं सगळं घडाघडा सांगितलं, पण हाताने केलेलं काही नव्हतं, आणि ते त्यांना लगेच कळलं. ते फार लागलं मनाला.

म्हणून घरच्या डेस्कटॉपवर (१६ जीबी रॅम, विंडोज ११) व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या आत अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात तीन मशीन केल्या: एक विंडोज सर्व्हर, एक विंडोज क्लायंट (सर्व्हरला जोडायचा साधा कॉम्प्युटर), एक उबंटू (लिनक्स). तिन्हींवर इंटरनेट चालतंय. पण आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) बघितला तर तिन्हीकडे १०.०.२.१५! एकीवरून दुसरीला पिंग केलं ("आहेस का" अशी हाक मारली) तर काहीच नाही. सेटिंगमध्ये नॅट, नॅट नेटवर्क, ब्रिज्ड, इंटर्नल, होस्ट-ओन्ली अशी यादी आहे. कोणतं निवडायचं आणि का, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

एक अडचण आधीच सांगते. घरचा राउटर आमचा एकट्याचा नाही. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांकडेही तोच वायफाय जातो आणि भावाचे ऑनलाइन क्लास त्यावरच असतात. माझ्या प्रयोगामुळे त्यांचं नेट बंद पडलं तर प्रयोगच बंद पडेल.


कडकभाकरी
सोमवार, रात्री ११.०५

तिन्हीकडे १०.०.२.१५ येणारच, त्यात बिघाड काही नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा छोटा राउटर मिळतो. त्या राउटरचा पत्ता १०.०.२.२, डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्याचा) १०.०.२.३ आणि मशीनचा १०.०.२.१५. तीन मशीन म्हणजे तीन वेगळे वाडे, प्रत्येकाला आपली भिंत आणि आपला दरवाजा. तिन्ही वाड्यांवर घर नंबर १५ लिहिलंय, एवढंच. दरवाजातून बाहेर रस्त्यावर जाता येतं, म्हणून इंटरनेट चालतं. शेजारच्या वाड्यात जायला मात्र वाट नाही.

तुला हवंय ते "नॅट नेटवर्क". नाव जवळजवळ तेच असल्याने सगळ्यांची गल्लत होते. त्यात तिन्ही मशीन एकाच वाड्यात राहतात, एकमेकींना दिसतात, आणि बाहेर जायला सगळ्यांना मिळून एक दरवाजा असतो.


होटगीरोड
सोमवार, रात्री ११.१३

एवढं कशाला? ब्रिज्ड कर, विषय संपला. तिन्ही मशीनना घरच्या राउटरकडून आयपी मिळेल, एकमेकींना दिसतील, इंटरनेटही चालेल. मी कायम ब्रिज्डच वापरतो.


यंत्रमाग_७२
मंगळवार, सकाळी ७.५०

होटगीरोड, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण ताईंच्या घरी ब्रिज्ड मुळीच नको. का ते सांगतो, कारण याची किंमत मी मोजली आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळायचो. दुपारच्या जेवणाच्या वेळेत माझ्या मशीनवर विंडोज सर्व्हर शिकत बसायचो. त्यात डीएचसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीचा, धडा आला. रोल टाकला, स्कोप (वाटायच्या पत्त्यांची रेंज) बनवला, चालू केला. नेटवर्क कार्ड ब्रिज्ड होतं हे डोक्यातच नव्हतं. अर्ध्या तासाने पॅकिंग विभागातून फोन आला, लेबल निघत नाहीत. मग बिलिंगमधून आला. ज्या मशीन जेवणानंतर चालू झाल्या त्यांना माझ्या व्हर्च्युअल सर्व्हरने पत्ते वाटले होते. आणि त्या पत्त्यांवरून ना प्रिंटर दिसत होता, ना मुख्य सर्व्हर. जुन्या चालू मशीन व्यवस्थित, नव्या बंद, त्यामुळे कारणही लवकर उमगेना. मी स्विचच्या खोलीत एकेक वायर उपसत उभा आणि बाहेर टेम्पो माल भरायला थांबलेला. शेवटी एका अडलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत माझाच पत्ता दिसला.

ब्रिज्ड म्हणजे तुमची व्हर्च्युअल मशीन खऱ्या नेटवर्कची खरी सभासद होते. ती जे करेल त्याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. ताईंना डोमेन कंट्रोलर करायचाय, म्हणजे आज ना उद्या डीएचसीपीही येणार. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांच्या मोबाइलला ताईंचा सर्व्हर पत्ते वाटायला लागला तर?


होटगीरोड
मंगळवार, सकाळी ९.२०

यंत्रमागसाहेब, पटलं. माझ्याकडे सगळ्या मशीन साध्या उबंटूच्या असतात, डीएचसीपी वगैरे काही नसतं, म्हणून कधी झळ बसली नाही. माझा मुद्दा एवढाच की व्हर्च्युअल मशीनवरची वेबसाइट मोबाइलवरून उघडून बघायची असेल, तर ब्रिज्डसारखं सोपं काही नाही.


कडकभाकरी
मंगळवार, सकाळी ९.४१

त्यालाही नॅटमध्ये सोय आहे: पोर्ट फॉरवर्डिंग. डेस्कटॉपच्या ८०८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या दाराचा नंबर) आलेलं मशीनच्या ८० वर पाठव, असा नियम लिहायचा. हवं तेवढंच दार किलकिलं होतं.

ब्रिज्डचं अजून एक. वायफायवरून ते कधी चालतं, कधी नाही. वायफायचा राउटर फक्त जोडलेल्या कार्डाचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळखतो. आतल्या मशीनचा मॅक वेगळा, म्हणून सॉफ्टवेअरला मध्ये पत्त्यांची अदलाबदल करत बसावं लागतं. काही कार्डांवर ते जमतं, काहींवर मशीन आयपीची वाट बघत बसते. काही कॉलेज आणि हॉस्टेलच्या नेटवर्कवर तर वायर लावायच्या एका पोर्टला एकच मॅक असा नियम असतो, तिथे ब्रिज्ड केलं की तो पोर्टच बंद पडू शकतो.


सिग्नलमन
मंगळवार, दुपारी १२.१५

बेटा, मी रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालो. आता नातवाबरोबर हे शिकतोय. आमच्याकडे नियम होता, आधी नकाशा, मग वायर. रूळ कुठून कुठे जातो हे कागदावर नसेल तर लिव्हरला हात लावायचा नाही.

तू वहीचं एक पान घे. मध्ये मोठा चौकोन काढ, तो तुझा डेस्कटॉप. त्याच्या आत तीन लहान चौकोन, तीन मशीन. आता प्रत्येक लहान चौकोनातून रेघ काढ आणि स्वतःला विचार, ही रेघ कुठे जाऊन थांबते? डेस्कटॉपच्या भिंतीबाहेर जाऊन राउटरला भिडली तर ब्रिज्ड. भिंतीपाशी येऊन डेस्कटॉपच्याच पत्त्याने बाहेर पडली तर नॅट. डेस्कटॉपपर्यंत आली आणि तिथेच थांबली तर होस्ट-ओन्ली. डेस्कटॉपलाही न शिवता तिघींच्या तिघींतच फिरली तर इंटर्नल. ती आमची सायडिंग, मेन लाइनला जोडच नाही.

मग प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना पत्ता लिही. जिथे तुला पत्ता लिहिता येत नाही, तिथे तुझी अडचण आहे.


पार्कचौक
मंगळवार, दुपारी १२.३८

काका, पंधरा वर्षं या लाइनीत आहे, एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या नातवाची चंगळ आहे!


पुण्यातलासोलापूरकर
मंगळवार, रात्री ९.३०

ताई, व्हर्च्युअलबॉक्सच हवं असा हट्ट नसेल तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा. पूर्वी विकत घ्यावं लागायचं. मे २०२४ मध्ये ते वैयक्तिक वापराला फुकट झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून सगळ्यांनाच. त्यात व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर नावाची वेगळी खिडकी आहे. माझ्या मते नेटवर्क शिकायला त्याहून चांगली जागा नाही, कारण सगळी नेटवर्क एका तक्त्यात समोर दिसतात. व्हीएमनेट० म्हणजे ब्रिज्ड, व्हीएमनेट१ होस्ट-ओन्ली, व्हीएमनेट८ नॅट. बाकीचे आकडे तुमच्यासाठी मोकळे, विंडोजवर १९ पर्यंत.

खाली उजवीकडे "चेंज सेटिंग्ज" दाबल्याशिवाय काहीही बदलता येत नाही. पहिल्यांदा मी अर्धा तास फिकट बटणांकडे बघत बसलो होतो. मग अ‍ॅड नेटवर्क, व्हीएमनेट२ निवडा, होस्ट-ओन्ली ठेवा. खाली दोन चौकटी आहेत. एक, डेस्कटॉपलाही या नेटवर्कला जोडायचं का. दुसरी, व्हीएमवेअरने स्वतः डीएचसीपी चालवायचं का. तुमचा विंडोज सर्व्हर पत्ते वाटणार असेल तर ही दुसरी खूण काढायचीच. एका नेटवर्कात दोन डीएचसीपी झाले की यंत्रमाग दादांची दुपार परत येते, फक्त या वेळी डेस्कटॉपच्या आत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विंडोजवर व्हीएमवेअरमध्ये नॅटचं नेटवर्क एकच करता येतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये हवी तेवढी. आणि व्हीएमवेअरच्या नॅटमध्ये गेटवे (बाहेर जायच्या दरवाजाचा पत्ता) ".२" असतो, ".१" हा डेस्कटॉपचा. हाताने आयपी भरताना सवयीने ".१" गेटवे टाकला की मशीन एकमेकींना दिसतात, पण इंटरनेट नाही. या एका आकड्यापायी मी एक रविवार घालवलाय.


पूर्वभाग
मंगळवार, रात्री १०.०२

@कडकभाकरी, का बे, आयपीची रेंज कोणती घ्यायची ते सांगितलंच नाहीस? खरं दुखणं तिथंच असतंय.

ताई, खासगी नेटवर्कसाठी तीन रेंज राखून ठेवल्यात: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यातली १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ घेऊ नका, निम्म्या शहराच्या घरातले राउटर त्यावरच असतात. १७२.१७ डॉकर नावाचं सॉफ्टवेअर घेतं. व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली १९२.१६८.५६ वर बसतं. मी घरी लॅब केली तेव्हा डोळे झाकून १० ने सुरू होणारी एक रेंज उचलली, आणि नेमकी तीच माझ्या ऑफिसच्या व्हीपीएनची निघाली. घरून कामाला बसलो की ऑफिसचा सर्व्हर सापडायचा नाही, कारण डेस्कटॉपला वाटायचं तो पत्ता इथेच घरात आहे. दोन दिवस मी ऑफिसच्या लोकांशी भांडत होतो आणि दोष माझ्या टेबलावर होता.

काहीतरी आडनिडं घ्या. १०.७७.१०.० घ्या, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. २५४ पत्ते मिळतात, तीन मशीनना ढीगभर झाले.


कडकभाकरी
मंगळवार, रात्री १०.११

सांगणार होतो बे, चटणी-भाकरी खात होतो. एका हाताने शेंगाचटणी आणि दुसऱ्याने सबनेट मास्क जमत नाही.

कुणी लिनक्सच्या डेस्कटॉपवरून वाचत असेल तर: व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून होस्ट-ओन्लीला १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढीच रेंज चालते. दुसरी हवी असेल तर ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या व्हीबॉक्स फोल्डरमध्ये नेटवर्क्स डॉट कॉन्फ ही फाइल करून त्यात लिहावी लागते. नाहीतर नुसतीच चूक दाखवतं.


पार्कचौक
मंगळवार, रात्री १०.२५

शेंगाचटणीचा विषय काढलाच आहे तर पुण्याहून येणाऱ्यांनी आधी कळवा, दोन किलो जास्तीची कुटायला सांगतो.


पुण्यातलासोलापूरकर
मंगळवार, रात्री १०.३१

गड्ड्याच्या यात्रेला येतोय. माझी तीन किलो धरा!

पार्कचौक दादा, खरं सांगतो, ताईंचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी शिकत होतो तेव्हा नेटवर्कचं प्रॅक्टिकल म्हणजे दोन जुने स्विच, आणि एका स्विचभोवती बाराजण. हात लावायला मिळाला की नाही ते नशिबावर. म्हणून पुणं गाठलं, खोलीचं भाडं भरलं, क्लास लावला. आज एका १६ जीबीच्या डेस्कटॉपमध्ये तेवढ्याच नव्हे तर त्याहून मोठ्या लॅबइतकं शिकता येतं. राउटर म्हणून पीएफसेन्सची मशीन, मागे दोन वेगळी नेटवर्क, मध्ये फायरवॉल. सगळं जुळे सोलापुरातल्या एका खोलीत बसून. माझ्या धाकट्या भावंडांनी तरी शिकण्यासाठी गाव सोडू नये, नोकरीसाठी सोडलं तर सोडलं.


यंत्रमाग_७२
बुधवार, सकाळी ७.३५

वर पीएफसेन्सचं नाव आलंय म्हणून सावध करतो. त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) बाजूचा मूळचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि त्यावर डीएचसीपी चालू असतं. म्हणजे अनेकांच्या घरच्या राउटरचाच पत्ता! लॅनचं कार्ड चुकून ब्रिज्ड राहिलं तर एका घरात दोन कर्ते. लॅन कायम इंटर्नल किंवा होस्ट-ओन्लीवरच ठेवा. ताई, तुम्हाला हे सध्या नको, पण पुढे कराल.


सिग्नलमन
बुधवार, सकाळी ८.१०

आणि बेटा, उन्हाळ्यात लाइटचा भरवसा धरू नकोस. तीन मशीन चालू असताना लाइट गेली तर आतल्या डिस्कची फाइल खराब होऊ शकते. यूपीएस नसेल तर उठताना मशीन "सेव्ह स्टेट" करून ठेवत जा.


नवाभरती
बुधवार, सकाळी ११.००

मध्येच विचारतो, माफ करा. माझी उबंटूची एक मशीन होती, तिचे दोन क्लोन केले. क्लोन करताना "सगळ्या कार्डांना नवे मॅक पत्ते" निवडलं होतं. तरी तिघींना आयपी एकच मिळतो. नॅट नेटवर्कच आहे, साधं नॅट नाही. काय चुकलं?


कडकभाकरी
बुधवार, सकाळी ११.४५

चांगला प्रश्न. मॅक नवा असला तरी उबंटू सर्व्हर डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक सांगत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो. ती ईटीसीतल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमध्ये असते, आणि क्लोनमध्ये जशीच्या तशी आली. तीन जुळी भावंडं एकच रेशनकार्ड दाखवतायत म्हटल्यावर दुकानदार एकच कोटा देणार. क्लोनमध्ये ती फाइल रिकामी कर (उडवू नकोस, फक्त रिकामी), मशीन पुन्हा चालू कर, नवी ओळख तयार होते. नाहीतर नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपीची ओळख मॅकवरून घे असं लिही.


नवाभरती
बुधवार, दुपारी १२.२०

झालं! तीन मशीन, तीन पत्ते. मनापासून आभार.


शुभ्रकमळ
शुक्रवार, रात्री ११.१५

दोन दिवस कारखान्यात स्टॉक मोजणी होती, म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे वहीत नकाशा काढला. तीन चौकोन, रेघा, दोन्ही टोकांना पत्ते. काढतानाच कळलं की मला आधी काहीच कळलं नव्हतं.

पण मी थोडा वेगळा रस्ता घेतला. एका व्हिडिओत पाहिलं म्हणून प्रत्येक मशीनला दोन कार्डं दिली. पहिलं साधं नॅट, इंटरनेटसाठी. दुसरं इंटर्नल नेटवर्क, आपसात बोलण्यासाठी, त्यावर १०.७७.१०.० ची रेंज. सर्व्हरला ".१०" हाताने दिला, क्लायंटला ".२०", उबंटूला ".३०". आधी क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांना दिसेनात, तर क्लायंटमध्ये इंटर्नल नेटवर्कचं नाव "लॅब" आणि सर्व्हरमध्ये "लॅब१" टाकलं होतं. एका आकड्याने दोन वेगळी नेटवर्क झाली होती.

मग सर्व्हरला डोमेन कंट्रोलर केलं. क्लायंटच्या इंटर्नल कार्डावर डीएनएस म्हणून १०.७७.१०.१० दिला. आता अडलंय ते असं:

क्लायंटवरून सर्व्हरला पिंग लागतो, सर्व्हरवरून क्लायंटला लागत नाही.

आणि क्लायंट डोमेनमध्ये जोडायला गेले की डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही असं येतं. पण डोमेनच्या नावाला पिंग केलं तर उत्तर येतंय! एक मिलिसेकंदाच्या आत. नाव सापडतंय, पिंग लागतोय, तरी डोमेन सापडत नाही. दोन रात्री झाल्या. आता डोळे दुखतायत.


होटगीरोड
शुक्रवार, रात्री ११.२८

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. क्लायंटच्या विंडोजने इंटर्नल नेटवर्कला "पब्लिक" मानलंय, आणि तिथे फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. इनबाउंड नियमांमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगखाली एको रिक्वेस्टचा नियम आहे, आयसीएमपीव्ही४ चा, तेवढा चालू करा.

दुसरं मला कळत नाहीये. क्लायंट विंडोज होम तर नाही ना? होमला डोमेनमध्ये जाताच येत नाही.


शुभ्रकमळ
शुक्रवार, रात्री ११.३३

एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती आहे दादा, आणि सर्व्हर १८० दिवसांची. पिंगचा नियम चालू केला, उलट बाजूनेही लागला!


यंत्रमाग_७२
शुक्रवार, रात्री ११.४०

ताई, झोपण्याआधी एकच करा. क्लायंटवर डोमेनच्या नावाला परत पिंग करा आणि उत्तर कोणत्या पत्त्यावरून येतंय तो आकडा इथे लिहा. लागला की नाही ते नको, आकडा हवाय.


शुभ्रकमळ
शुक्रवार, रात्री ११.४४

१०.०.२.१५ वरून येतंय.

थांबा. हा तर माझ्या क्लायंटचाच पत्ता आहे ना? नॅटच्या कार्डाचा?


यंत्रमाग_७२
शुक्रवार, रात्री ११.५२

बरोबर धरलंत. तुमची क्लायंट मशीन स्वतःच्याच दारावर थाप मारतेय आणि स्वतःच आतून "ओ" देतेय. म्हणून उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत.

झालं असं. सर्व्हरला दोन कार्डं आहेत. डोमेन कंट्रोलर होताना त्याने आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवले, १०.७७.१०.१० आणि १०.०.२.१५ सुद्धा. साध्या नॅटमध्ये सगळ्यांचाच पत्ता १०.०.२.१५, कडकभाकरींनी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं, तीन वाड्यांवर एकच नंबर. क्लायंटने डीएनएसला विचारलं, "डोमेन कुठे राहतो?" उत्तर आलं, "१०.०.२.१५." तो तर ती स्वतःच आहे. क्लायंटवर एनएसलुकअप (डीएनएसला नावाचा पत्ता विचारणारी कमांड) मारा, डोमेनचं नाव आणि पुढे १०.७७.१०.१० द्या. दोन पत्ते दिसतील.


शुभ्रकमळ
शनिवार, रात्री १२.०१

दोन दिसले!! १०.७७.१०.१० आणि खाली १०.०.२.१५. माझ्या वहीत सर्व्हरच्या चौकोनातून दोन रेघा निघाल्यात, पण नॅटच्या रेघेच्या टोकाला मी पत्ताच लिहिला नव्हता. "फक्त इंटरनेटसाठी" एवढंच लिहिलंय. काका, तुम्ही म्हणाला होतात ना, जिथे पत्ता लिहिता येत नाही तिथे अडचण आहे.


सिग्नलमन
शनिवार, सकाळी ६.२०

वाचून फार आनंद झाला बेटा. नातवाला उठवून दाखवलं.


कडकभाकरी
शनिवार, सकाळी ९.००

दोन मार्ग आहेत. सर्व्हरच्या नॅट कार्डाच्या प्रगत डीएनएस सेटिंगमध्ये "या जोडणीचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदवा" ही खूण काढून जुनी नोंद हाताने उडवायची. हे चालतं, पण डोमेन कंट्रोलरला दोन कार्डं ठेवली की आज हे, उद्या दुसरं काहीतरी निघतं. मी म्हणेन दोन-दोन कार्डं सोडाच, पहिल्या दिवशी म्हणालो तिथेच ये.

फाइल, टूल्स, नेटवर्क मॅनेजर, नॅट नेटवर्क्स. नवं बनव, रेंज १०.७७.१०.०/२४ (/२४ म्हणजे तोच २५५ वाला मास्क), डीएचसीपीची खूण काढ. तिन्ही मशीनना एकच कार्ड, त्याच नेटवर्कवर. गेटवे १०.७७.१०.१, इथे व्हर्च्युअलबॉक्सचा ".१" असतो, व्हीएमवेअरसारखा ".२" नाही. सर्व्हरचा पत्ता ".१०" तसाच. सर्व्हरचा डीएनएस स्वतःच तो, आणि त्याच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून ८.८.८.८ टाक, म्हणजे बाहेरची नावं तो विचारून आणेल. क्लायंटचा डीएनएस फक्त १०.७७.१०.१०. दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ क्लायंटवर अजिबात टाकू नकोस. बाहेरच्या जगाला तुझं डोमेन माहीत नाही. तिकडून "असं कुणी नाही" उत्तर आलं की क्लायंट ते खरं मानून गप्प बसतो. डीएनएसमध्ये १०.०.२.१५ ची नोंद उरली असेल तर तीही उडव.

मग सर्व्हरवर डीएचसीपीचा रोल टाक, डोमेनमध्ये त्याला अधिकृत कर आणि मनसोक्त पत्ते वाट. डीएचसीपीचं एक पाकीटही भिंतीबाहेर जाणार नाही. घरमालक शांत झोपतील.


पुण्यातलासोलापूरकर
शनिवार, सकाळी ९.३०

सहमत. आणि डोमेनला नाव देताना शेवटी "डॉट लोकल" ठेवू नका. ते उबंटूसारख्या मशीन वेगळ्याच पद्धतीने शोधतात आणि गोंधळ होतो. "डॉट टेस्ट" चाचणीसाठीच राखून ठेवलंय, ते घ्या.

स्नॅपशॉटही (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवा, पण सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही बंद करून, एकाच वेळी. क्लायंट आणि डोमेन यांच्यातला गुप्त पासवर्ड मुळात ३० दिवसांनी बदलतो. एकट्या क्लायंटला जुन्या स्नॅपशॉटवर नेलं की डोमेन तिला ओळखत नाही.


पूर्वभाग
शनिवार, सकाळी १०.१५

ताई, झालं की कळवा. इथं सगळेच वाट बघतोय.


शुभ्रकमळ
रविवार, दुपारी ४.०५

झालं!

सगळं पुसून पुन्हा केलं. डोमेनचं नाव "डॉट टेस्ट". नॅट नेटवर्क एक, कार्ड एक-एक. सर्व्हरवर डीएचसीपी चालू केलं आणि क्लायंटवर आयपीकॉन्फिग मारलं तर आधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला. पूर्वी असती तर घाबरले असते. आता वहीकडे बघितलं आणि कळलं, हा पत्ता म्हणजे मशीनने हाक मारली आणि कुणी "ओ" दिलं नाही. सर्व्हरवर स्कोप बनवला होता पण सक्रिय केला नव्हता. केला, क्लायंटवर रिन्यू मारलं, १०.७७.१०.१०१ आला. तो आकडा मीच ठरवलेल्या रेंजमधून आलाय हे बघून अंगावर काटा आला.

मग डोमेनमध्ये जोडलं. "वेलकम" ची छोटी खिडकी आली. आईला बोलावून दाखवली. तिला काय ते कळलं नाही, पण मला एवढा आनंद झालाय म्हणून तिने शिरा केला.

या सगळ्यात वरच्या मजल्यावरचं नेट एकदाही गेलं नाही. भावाला आठवडाभर काही कळलंही नाही.


यंत्रमाग_७२
रविवार, दुपारी ४.२२

ताई, अभिनंदन. पुढच्या मुलाखतीत कुणी विचारलं तर १०.०.२.१५ ची गोष्ट सांगा, सुरुवातीपासून. ज्याने हे काम केलंय त्याला ती ऐकताच कळेल की तुम्ही स्वतः केलंय.


नवाभरती
रविवार, दुपारी ४.५०

अभिनंदन! माझ्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप आहे, त्यावर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालतील का? आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय, सगळं फार हळू चाललंय.


होटगीरोड
रविवार, सायंकाळी ५.१०

कासव म्हणजे विंडोजचं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवर बसून चाललंय. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकलं असेल तर त्यामुळेही येतं. ते लागत नसेल तर विंडोज फीचर्समधून बंद कर आणि लॅपटॉप पुन्हा चालू कर. ८ जीबीत दोन मशीन चालतील. सर्व्हरला २ जीबी, पण डेस्कटॉपशिवायचा, कोअर आवृत्तीचा. क्लायंट म्हणून विंडोजऐवजी डेस्कटॉपशिवायचा उबंटूच घे, त्याला कमी रॅम पुरते.


शुभ्रकमळ
रविवार, सायंकाळी ५.३०

नवाभरती, कोअरमध्ये खिडक्या नसतात, सगळं टाइप करून करावं लागतं. या आठवड्यात मीही तेच करून बघणार आहे. आधी वहीत चौकोन काढ आणि इथे लिही, कोणती रेघ कुठे थांबते ते. मग बघू.